मथळा शेवटी वाचजो

आमच्या गावात पेपर ही वाचण्यापेक्षा ऐकण्याची चीज आहे. निदान सकाळच्या वेळी, स्टँडसमोरच्या शिलाईच्या दुकानात तरी. कारंज्याहून पहिली बस आली की पेपरांचा गठ्ठा उतरतो आणि त्यातले चार पेपर सरळ चाचांच्या दुकानात जातात. तीन मराठी, एक हिंदी. चाचा दर्जी आहेत. त्यांचे डोळे सुईवर असतात, कान मोकळे असतात, म्हणून वाचणारा दुसरा कोणीतरी लागतो. आधी एक निवृत्त मास्तर वाचायचे. ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि काम माझ्याकडे आलं. मी बी.ए. होऊन घरी बसलेलो होतो आणि माझा आवाज मोठा होता. तेवढी पात्रता पुरली.

वाचून झालेला पेपर चाचा रद्दीत देत नाहीत. मापाचे कागद त्यातूनच कापतात. गावातल्या निम्म्या शाळकरी शर्टांच्या बाह्या आधी कुठल्यातरी मंत्र्याच्या भाषणावर आखल्या गेल्या आहेत.

वाचायची पद्धत मास्तरांनी घालून दिलेली. आधी चारही पेपरांचे मथळे एका दमात वाचायचे, म्हणजे ज्याला बस पकडायची त्याला निदान काय घडलं ते कळतं. मग कोणी म्हटलं तर खालचा मजकूर. बहुतेक वेळा कोणी म्हणत नसे. तोवर मानोऱ्याची बस लागलेली असायची, नाहीतर कामरगावच्या जीपवाल्याने हॉर्न दिलेला असायचा. मीही त्या पद्धतीत काही वाईट पाहिलं नव्हतं. पत्रकं लिहिणारा माणूस मी. कॉलेजात पहिल्या वर्षापासून लिहीत होतो. फी, वसतिगृह, पीकविमा, एसटी. माझ्या लेखी मथळा म्हणजेच बातमी होती, खालचा मजकूर कागद भरायला.

तेव्हा गावात एकच विषय होता. मंगळवारचा बाजार.

बाजार स्टँडच्या मागे भरतो. एका अंगाला मशिदीची मागची भिंत, दुसऱ्या अंगाला मारुतीचा ओटा, मधे पोती अंथरून भाजीवाल्या, आणि कडेनं बांगड्या, भांडी, कापड, चपला. तो बाजार बायपासजवळच्या नव्या जागेत न्यायचं घाटत होतं. तिथं सिमेंटचे ओटे होते, वर पत्रे होते, नळ होता. माझा विरोध होता आणि त्याची कारणं मी कोणालाही, कुठंही, उभ्या उभ्या सांगायचो. खेड्यांवरून येणारा माणूस स्टँडवर उतरतो, त्याला डोक्यावर गठुडं घेऊन आणखी दोन किलोमीटर चालवायचं कशाला? जुन्या बाजाराच्या आधारावर ज्यांची दुकानं उभी राहिली त्यांनी काय करायचं? आणि बायपासला लागून जमिनी कोणाकोणाच्या आहेत, हे गावात कोणाला माहीत नव्हतं? आम्ही एक कृती समिती काढली होती. अध्यक्ष वयाने मोठे होते, पत्रकं माझी होती.

चाचांचं दुकान ही माझी सगळ्यात पक्की बाजू. त्यांचा आठवडा मंगळवारीच ठरतो. आसपासच्या खेड्यांतले लोक या मंगळवारी कापड टाकतात, पुढच्या मंगळवारी शिवलेलं नेतात. बाजार गेला की त्यांच्या दुकानापुढं उरणार फक्त तीन मिनिटं थांबणाऱ्या बसगाड्या. साठी उलटलेली, दुसरं काम येत नाही, दुसरीकडं दुकान नाही. मी प्रत्येक पत्रकात त्यांना आणायचो. नाव नाही, ‘स्टँडवरचा एक वृद्ध कारागीर’ असं. एकदाही त्यांना विचारून लिहिलं नव्हतं. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नव्हतं.

मग पाहणी झाली. शहरातल्या कुठल्याशा संस्थेच्या दोन मुली हातात टॅब घेऊन आल्या. एक गावात फिरली, दुसरी बाजारात. प्रश्न एकच: आठवडी बाजार नव्या जागेत हलवावा का? उत्तरं तीन: हो, नाही, सांगता येत नाही. चाचांच्या दुकानातही मुलगी येऊन गेली. मी त्या दिवशी कारंज्याला होतो. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय सांगितलं चाचा?

“सांगितलं जे सांगाचं होतं ते,” चाचा म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

मी मनातल्या मनात एक ‘नाही’ जमा केलं.

पाहणीचा निकाल आला त्या सकाळी दुकानात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मी गठ्ठा सोडला आणि मास्तरांच्या पद्धतीनं सुरू केलं. पहिला पेपर: ‘बाजार हलवण्यालाच सर्वाधिक पसंती’. दुसरा: ‘निम्म्याहून अधिक लोक स्थलांतराच्या बाजूने नाहीत’. तिसरा: ‘बाजाराच्या प्रश्नावर गाव संभ्रमात’. हिंदी पेपरानं आतल्या पानावर दोन बोटं जागा दिली होती, ‘हाट की जगह पर एक राय नहीं’.

मग बाकावर बसलेल्या एका शेतकऱ्यानं तोंडातली सुपारी गालात सरकवली.

“म्हंजे चारदा इचारलं काय?”

“चारदा कायले?” दुसरा म्हणाला.

“चार पेपर, चार निकाल. माह्या घरी तं एकच पोरगी आलती. बाकीच्या तीन कुठी गेल्या?”

“मोठ्या घरायत गेल्या असतीन. तिथं चहा दुधाचा राह्यते.”

“आपला बी दुधाचाच राह्यते बे.”

“तुह्या घरचा म्या पेला आहे. राहू दे.”

सगळे हसले. बस लागली आणि निम्मं दुकान रिकामं झालं. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं होतं की पाहण्या चार झाल्या, एकीत बाजार हलला, एकीत राहिला, आणि उरलेल्या दोन्हींत लोकांना काही समजलंच नाही. ज्यांना कोणीच विचारलं नव्हतं ते जास्त रागावले. चार चार पाहण्या होऊन आपलं दार एकीलाही सापडू नये, याचं त्यांना वाईट वाटलं.

मी तिथल्या तिथं सांगू शकलो असतो की पाहणी एकच आहे. सांगितलं नाही. दुसऱ्या पेपराचा मथळा मला आवडला होता आणि तो चारातला एक म्हणून का होईना गावात फिरत होता.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर मी चारही पेपर टेबलावर पसरून खालचा मजकूर वाचला. तिसऱ्या पेपराच्या कोपऱ्यात चौकट होती, तिच्यात पूर्ण निकाल होता. हलवा म्हणणारे निम्म्याहून थोडे कमी. हलवू नका म्हणणारे त्यांच्याहून कमी. आणि उरलेले सांगता येत नाही म्हणणारे, सगळ्यात थोडे, पण दुर्लक्ष करण्याइतके थोडे नाहीत. तीन ढिगाऱ्या समजा. पहिल्या पेपरानं सगळ्यात मोठी ढिगारी दाखवली. दुसऱ्यानं उरलेल्या दोन एकत्र करून तिच्याहून मोठी केली. तिसऱ्यानं सगळ्यात लहान ढिगारी उचलून ती म्हणजेच गाव असं म्हटलं. हिंदी पेपरानं लांबून पाहून खांदे उडवले.

खोटं कोणीच छापलं नव्हतं. हेच मला जास्त झोंबलं. खोटं असतं तर निषेधाचं पत्रक काढता आलं असतं.

फोटोही पाहिले. पहिल्या पेपरात बाजारातला चिखल आणि त्यात पदर सावरत उभी असलेली बाई. दुसऱ्यात बांगड्यांचं दुकान, गर्दी, हसणारी पोरं. दोन्ही फोटोंत मागं मशिदीच्या भिंतीवर तेच पोस्टर, त्याच ठिकाणी फाटलेलं.

पहिल्या आणि दुसऱ्या पेपराचा आमच्या भागातला वार्ताहर एकच आहे. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. बातम्या देतो, जाहिराती गोळा करतो, सातबाराच्या प्रती काढतो. मी दोन्ही पेपर काखेत मारून त्याच्याकडं गेलो.

“भाऊ, हे काय छापलं?”

“तूच वाचतं ना गावाले रोज? मले काय इचारतं?”

“दोन पेपरात दोन उलट्या बातम्या. अन् दोन्ही तुमच्या.”

त्यानं झेरॉक्सचं झाकण लावलं आणि फोन माझ्यापुढं धरला. “हे पाह्य. एकच मजकूर. दोघायले एकाच वक्ती पाठवला. फोटो सहाच्या सहा दोघायले. थ्यायनं कोनता घेतला ते थ्यायले इचार.”

“मग मथळा?”

“मथळा अकोल्याले लागते. तिकडं बसलेल्या मानसाले आपलं गाव नकाशात दाखव म्हटलं तं सापडाचं नाई. त्याले दोन ओळीची जागा दिसते अन् त्याच्या मालकाले काय आवडते ते ठाऊक राह्यते. बास.”

“आणि तुम्हाला चालतं हे?”

“एक सांग मले,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यानं माझ्यासाठी खुर्चीही सरकवली होती. “तू पत्रक काढतं, तवा वरतं काय लिहितं? ‘काही लोकांचं म्हणणं असं आहे’ असं लिहितं काय?”

मी बसलो नाही. उत्तर नसलं की मला राग येतो, तसाच आला, आणि त्याच दुपारच्या बसनं मी कारंज्याला गेलो. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याजवळ बसून मथळा सांगितला: ‘गावाचा कौल स्पष्ट: बाजार हलणार नाही’. ठळक करा म्हटलं. आणखी ठळक करा म्हटलं. त्यानं विचारलं, खाली निकाल टाकायचा का, कोणी किती म्हटलं ते? मी म्हटलं, जागा असेल तर. तो म्हणाला, एवढ्या ठळक अक्षरात जागा उरत नाही. मी म्हटलं, मग राहू द्या.

गुलाबी कागदावर छापून घेतलं. गुलाबी लांबून दिसतो.

मंगळवारी बाजारात वाटायला निघालो. मशिदीच्या भिंतीला लागून एक भाजीवाली बसते, इंझोरीकडची. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. वयानं माझ्या आईएवढी, सगळा बाजार तिला मावशी म्हणतो. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, सरळ केला, परत दिला.

“काय लिहिलं बाप्पा? वाचून दाखव.”

मी वाचलं. मथळाच वाचला.

“कोनं देला हा कौल?”

“गावानं दिला, मावशी. पाहणी झाली ना.”

“चारदा झाली म्हनतेत.”

“एकदाच झाली,” मी म्हणालो. हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो.

“एकदाच? तं मंग मले बी इचारलं त्या पोरीनं. इथंच, वांगे तोलता तोलता. म्या तं हलवा म्हटलं.”

मला वाटलं ती मस्करी करते. तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती गिऱ्हाइकाला मिरच्या देत होती.

“काहून, मावशी? स्टँड इथं आहे, तुम्हाला तिकडं चालत जावं लागेल.”

“चालीन. पायाले काय झालं?” तिनं गिऱ्हाईक वाटं लावलं, मग आवाज खाली केला. “सकाळी सहाच्या जीपनं निंघतो. पाच वाजेलोक इथं बसतो. दिवसभर पानी पेत नाई मी. पेलं तं जाचं कुठी? तू जातं भिंतीमागं. आमी?”

मी हातातली पत्रकं पिशवीत सारली.

“त्या दर्ज्याच्या घरी जातो. चाची लय भली बाई. चार-पाच जनी जातो आमी, दर मंगयवारी. रमजानात बी नाई म्हनत नाई थे. पन किती जाचं मानसानं? लाज वाटते. तिकडं बायायसाठी संडास बांधून ठेवला म्हनतेत.”

“मला कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“तू कधी इचारलं? तू तं कागदच देतं.” ती हसली, आणि दोन वांगी माझ्या पिशवीत टाकली. “घेऊन जाय. भाजी बरी होते याची.”

तिथून चाचांचं दुकान पन्नास पावलांवर. मंगळवार असल्यानं बाकावर कापडाच्या पिशव्यांचा ढीग होता, प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली. चाचा उर्दू भराभर वाचतात, मराठी सावकाश. गुलाबी पत्रक त्यांनी कात्रीखाली दाबून ठेवलं होतं. मशीन थांबलेली होती. मंगळवारी दुपारी ती थांबलेली मी कधी पाहिली नव्हती.

“बैठ बेटा. यात मी कुठी आहो ते सांग.”

“तुम्ही आमच्याच बाजूचे ना, चाचा. तुम्ही नाही म्हणालात.”

“कोनाले?”

“त्या मुलीला.”

“म्या तिले नाही नव्हतं म्हटलं.”

“मग हो म्हणालात?” माझा आवाज चढला. चाचांनी हो म्हटलं असतं तर सगळंच संपलं; माझी तीन महिन्यांची पत्रकं त्यांच्यावरच उभी होती.

“तिसरं म्हटलं.” त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. “पाह्य. बाजार गेला तं ही मशीन बंद पडते. ह्या पिशव्या दिसते ना तुले, ह्या नाई येत मंग. ते तुले ठाऊक आहे, तू लिहितंच. पन बाजार राह्यला तं त्या बाया दर मंगयवारी माह्या दारात उभ्या राह्यतेत, मान खाली घालून. घरची सकायपासून दोन बादल्या पानी जास्त भरून ठेवते. ते तुले ठाऊक नाई. म्या त्या पोरीले दोन्ही सांगितलं. चांगली पोरगी होती, सारं आयकलं तिनं. मंग म्हने, चाचा, इथं तीनच बटनं आहेत. म्या म्हटलं, दाब तिसरं.”

मी कात्री बाजूला करून पत्रक उचललं.

“आता एक पेपर म्हनते मी गडबडून गेलो. दुसरा म्हनते मी हलवाच्या बाजूनं नाई. अन् तू म्हनतं मी कौल देला.” ते शांतपणे बोलत होते, कापडाचा खराब तागा दुकानदाराला परत करताना बोलतात तसं. “मी गडबडलो नव्हतो बेटा. मले सारं समजत होतं. म्हनून तं तिसरं दाबलं.”

पिशवीत उरलेली पत्रकं होती. ती मी बाकाखाली ठेवली आणि त्या दिवशी पुढं वाटली नाहीत. माफी मागितली का, ते आठवत नाही. बहुतेक नाही. मला तेव्हा येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा झाली, शाळेच्या पटांगणात, सकाळी अकरा वाजता. समितीच्या अध्यक्षांनी मला उभं केलं आणि पत्रक वाच म्हटलं. मी खिशातून तिसऱ्या पेपराची चौकट काढली. सांगितलं की पाहणी चारदा झालेली नाही, एकदाच झाली आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी बोललो नाही. मग तिन्ही ओळी खालून वर वाचल्या. सांगता येत नाही, नाही, हो. त्यांच्यावर मथळा चढवला नाही. म्हटलं, ज्यांनी सांगता येत नाही म्हटलं त्यांना काय सांगायचं होतं ते आज विचारा. भाजीवाल्या बायका या गावच्या मतदार नाहीत, त्यांना इथं बोलता येणार नाही, तेव्हा त्यांचंही कोणीतरी सांगा.

मागून कोणीतरी म्हणालं, “हा कोनाच्या बाजूनं आहे बे?” मलाही त्या घडीला सांगता आलं नसतं.

चाचा ग्रामसभेत कधी बोललेले नव्हते. ते उभे राहिले तेव्हा टेप गळ्यातच होती, काढायची राहून गेलेली. दुकानात मला जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं, तेवढ्याच आवाजात, दोन्ही गोष्टी, आधी स्वतःची मग बायांची. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगायला लावलं. पहिल्यांदा पुढची काही पोरं हसली होती, दुसऱ्यांदा सांगताना कोणी हसलं नाही.

ठराव झाला तो असा: भाजीच्या रांगा नव्या ओट्यांवर जातील. कापड, भांडी, बांगड्या जुन्या जागी राहतील. जुन्या जागीही बायकांसाठी संडास बांधावा. पहिल्या दोन गोष्टी झाल्या आहेत. तिसरीसाठी मी अर्ज घेऊन फिरतो आहे. समितीनं मला पत्रकाच्या कामातून मोकळं केलं, त्यामुळं फिरायला वेळ आहे.

ठरावाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पेपरानं छापलं, ‘भाजीबाजार अखेर नव्या जागेत’. दुसऱ्यानं छापलं, ‘जुना बाजार जागेवरच’. वार्ताहरानं मला दुकानात बोलावून फोन दाखवला. मजकूर एकच.

चाचांचं काम कमी झालं. हे गोड करून सांगण्यासारखं नाही. भाजी घ्यायला आलेला माणूस आता तिकडूनच परततो, दर मंगळवारी पिशव्यांचा ढीग पूर्वीएवढा होत नाही. म्हणून दोन महिन्यांपासून चाचा मंगळवारी सकाळी टेप, खडू आणि वही घेऊन जीपनं नव्या जागेत जातात. मावशीच्या ओट्याच्या टोकाला तिनं त्यांना हातभर जागा करून दिली आहे. मापं तिकडं घेतात, कापड तिकडं गोळा करतात, दुपारी परत येऊन शिवायला बसतात. चाची म्हणते, माझं मंगळवारचं पाणी वाचलं, पण नवरा उन्हात गेला.

पेपर अजून मीच वाचतो. पद्धत चाचांनी बदलली. ग्रामसभेनंतरच्या पहिल्याच सकाळी मी गठ्ठा सोडला, तेव्हा ते मशीनवरून मान न उचलता म्हणाले, “मथळा शेवटी वाचजो.” तेव्हापासून मी खालच्या ओळीपासून सुरू करतो. वेळ लागतो. लोक वैतागतात. बाकावरचा तो शेतकरी म्हणतो, “अबे, मेला कोन ते तं सांग आधी.” मी सांगत नाही. मजकूर पूर्ण झाला की कधी मथळा वाचतो, कधी तोवर बस लागलेली असते आणि मथळा राहूनच जातो.

बाकाखालची गुलाबी पत्रकं चाचांनी वापरून टाकली. कागद जाड होता, कॉलरच्या मापाला बरा पडला.

काल मंगळवार होता. दोन पेपर वाचून झाले होते, तिसरा अर्ध्यावर होता. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. चाचांनी चष्मा डब्यात घातला, टेप गळ्यात टाकली, वही काखेत घेतली.

“मथळा वाचू का, चाचा?”

“राहू दे,” ते म्हणाले. “मावशीनं तिकडं दोन गिऱ्हाइकं थांबवून ठेवलेत.”